आत्याच्या नावाने स्कॉलरशिप: विद्यापीठात ठेव, कॉलेजात ठेव की स्वतःचा ट्रस्ट?

घरातलं कुणी गेलं की वर्षश्राद्धाच्या सुमारास विषय निघतोच, "तिच्या नावाने शिक्षणासाठी काहीतरी करूया". आमची आत्या आयुष्यभर शाळेत शिकवत होती, ती गेल्यावर आम्ही भावंडांनी ८ लाख जमवले आणि मग दोन महिने फॅमिली ग्रुपवर नुसता घोळ. त्यातून जे कळलं ते लिहितोय.

आधी आमची जुनी फजिती. आजोबांच्या नावाने १९७८ साली घरच्यांनी एका कॉलेजात ५,००० रुपये ठेवलेले, व्याजातून बक्षीस. तेव्हा ती चांगली रक्कम होती. मागे बक्षीस समारंभाला गेलो तर नाव पुकारलं, टाळ्या, फोटो, सगळं झालं आणि पाकिटात ३५० रुपये. ती मुलगी तालुक्याहून आईला घेऊन एसटीने आलेली, बायकांना अर्धं तिकीट असलं तरी दोघींचं जाणंयेणं आणि वडापाव धरला तर हातात काय उरलं असेल देव जाणे. यात कॉलेजचा काही दोष नाही हं, सगळं व्याज दरवर्षी वाटा असं आम्हीच लिहून दिलेलं आणि नंतर मूळ रकमेत कुणी रुपया घातला नाही.

म्हणजे कुठे ठेवायचं याच्याआधी किती वाटायचं ते ठरवा. ८ लाखांवर ७ टक्के धरले तर ५६,००० येतात, त्यातले ४०,००० द्यायचे आणि १६,००० परत ठेवीत टाकायचे. आज कमी वाटतं पण वीस वर्षांनी पाकीट अगदीच हलकं होत नाही. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्या हेच करतात, साधारण ४-५ टक्केच वाटतात आणि बाकीचं वाढू देतात, फक्त तिकडे बऱ्याच ठिकाणी सुरुवातच २५,००० किंवा ५०,००० डॉलरपासून असते, आपल्यासारख्यांनी नुसतं ऐकायचं.

आता विद्यापीठ. मान विचाराल तर याला तोड नाही. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने मुंबई विद्यापीठाला टॉवर बांधून दिला, तो १८७८ ला पुरा झाला, राजाबाई कोण हे माहीत नसलेल्यालाही नाव पाठ आहे. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती घ्या, १९१२ च्या मॅट्रिकला ती सी. डी. देशमुखांना (पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले) मिळाली होती, आणि आजही तिचं नाव काढलं की घरातलं एखादं जुनं माणूस सरसावून बसतं. पण आपली ८ लाखांची ठेव तिथल्या लांबलचक यादीतली एक ओळ होते. मंजुरी समितीतून येणार, अटी त्यांच्या चौकटीत बसवायच्या, आणि बहुतेक वेळा "अमुक विषयात प्रथम" असं पारितोषिकच होतं, म्हणजे पैसे निकालानंतर. आम्हाला हवं होतं वर्षाच्या सुरुवातीला, जेव्हा मुलगी अडलेली असते.

स्वतःचा ट्रस्ट ही काकांची आयडिया. दोराबजी टाटांनी पत्नी मेहेरबाईंच्या नावाने ट्रस्ट काढले, त्यातला एक बायकांच्या उच्चशिक्षणासाठी, म्हणून आपणही काढू! अहो काका, ते टाटा होते. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट, ट्रस्टी बदलला की चेंज रिपोर्ट, ८०जी (देणगी देणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) वेगळं मिळवायचं, आणि सीएची फी याच व्याजातून. त्यात आमच्या दादाने अमेरिकन पासपोर्ट घेतलाय, म्हणजे त्याचे पैसे परदेशी देणगी धरले जाणार आणि एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) परवानगी लागणार, ती नव्या ट्रस्टला पटकन मिळत नाही. (भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयला ही भानगड नाही.) पन्नासएक लाख आणि वेळ असलेली दोन तरुण माणसं असतील तरच या वाटेला जा.

आत्तेबहीण म्हणाली ठेवबिव काही नको, दरवर्षी एका मुलीची फी भरू. पैसा पूर्ण पोचतो हे खरं, पण आम्ही भावंडं साठीला आलोय, पुढे कोण भरणार यावर ग्रुपमध्ये सगळे गप्प.

उरलं आत्या जिथे शिकली ते कॉलेज. प्राचार्यांना भेटता येतं, कुणाला दिले ते कळतं. धोका एकच, प्राचार्य बदलले की फाइल कपाटात जाते, म्हणून जे बोलणं होईल ते पत्रात हवं. ही रक्कम कायम ठेवीसाठी आहे हे स्पष्ट लिहा. किती व्याज परत टाकायचं ते लिहा. ज्या विषयासाठी ठेव आहे तो विषयच बंद झाला किंवा त्या वर्षी अटीत कुणी बसत नसेल तर काय करायचं तेही लिहा, नाहीतर पैसे नुसते पडून राहतात. ८०जीच्या पावतीचं आधी विचारा आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर ती सवलत तशीही मिळत नाही.

आम्ही कॉलेजच धरलं. फक्त एक बदल केला. २०२४ पासून राज्यात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या बऱ्याच मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ झाली आहे, पण जेवण-राहणं कुठे माफ आहे? ऑफिसातल्या क्लार्क बाईच म्हणाल्या, "सर, पोरी फीसाठी नाही, मेसच्या बिलासाठी रडतात." मग पत्रात "शैक्षणिक शुल्क" खोडून "मेस व वसतिगृह खर्च" घातलं, आणि पैसे जुलैत द्यायचे असं लिहिलं.