मुंबई की बांबोळी?
आईच्या हातून कपबशी दोनदा निसटली, पायऱ्या चढताना मांड्या भरून यायला लागल्या, तेव्हा सावंतवाडीच्या आमच्या घरात हाच प्रश्न होता. परळच्या केईएमचा न्यूरोलॉजी (मेंदू आणि मज्जातंतूंचा) विभाग मोठा. पण रेल्वेत रात्र काढायची, आणि तपासण्या काही एका फेरीत संपत नाहीत. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातून संध्याकाळी घरी परत येता येतं. मी बांबोळीच धरली. बी-१२, थायरॉईड, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) हे रक्ताचे रिपोर्ट आधी गावातच करून घ्या. पुढच्या तपासण्या दोन: ईएमजी या स्नायूंच्या तपासणीत स्नायूत बारीक सुई घालतात, एनसीव्ही या नसांच्या (मज्जातंतूंच्या) तपासणीत नसेला विजेचे हलके झटके देतात. दुखणं नसेचं की स्नायूचं, याचा अंदाज त्यातून येतो. तिथे अडलंच, तर मुंबई. पण अशक्तपणा भराभर वर चढत असेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर दोन्ही राहू दे, जवळचं मोठं रुग्णालय लगेच गाठा.