सोसायटी ऑफ सर्पंट्स: पगारी सापांची टोळी, घ्यावं की नको?

अमेरिकन कॉमिक्समधला ढालवाला हिरो कॅप्टन अमेरिका मला कधी फारसा आवडलाच नाही, हे आधी सांगून टाकतो म्हणजे फॅन मंडळी शेवटपर्यंत वाचून मग चिडायला नकोत. ढाल घ्यायची, भाषण ठोकायचं, परत ढाल फेकायची. हे पुस्तक मी मागवलो ते सापांसाठी. 'कॅप्टन अमेरिका एपिक कलेक्शन: सोसायटी ऑफ सर्पंट्स', मार्वलचं, १९८५-८६ मधले ३०२ ते ३१७ नंबरचे अंक एका जाडजूड पेपरबॅकमध्ये, सगळं रंगीत. आमच्या बेळगावात असलं काही दुकानात मिळत नाही, खडे बाजार गणपत गल्ली पालथी घाला, शाळेच्या वह्या आणि केपीएससीची गाईडं मिळतील, म्हणून ऑनलाइनच. ज्या विक्रेत्याकडून आलं त्यानं नुसत्या पातळ पिशवीत घालून पाठवलं होतं, कोपरा दुमडलेलाच हातात आला, एवढे पैसे घेता तर एक पुठ्ठा तरी लावा की रे. असो.

तर विषय काय, सगळे साप-नावाचे व्हिलन एकत्र येतात आणि भाडोत्री गुंडांची टोळी काढतात, तीच ही सर्पंट सोसायटी. ऐकायला एकदम बालिश वाटतं, मलाही वाटलेलं. कोब्रा, अ‍ॅनाकोंडा, ब्लॅक माम्बा, अ‍ॅस्प, कॉटनमाउथ, बुशमास्टर, रॅटलर, डेथ अ‍ॅडर, डायमंडबॅक, कुणीतरी सापांचा ज्ञानकोश समोर उघडून ठेवून नावं वाटल्यासारखी. पण अंक ३१० वाचलो, त्यावर ऑक्टोबर १९८५ आहे, लेखक मार्क ग्रुएनवाल्ड आणि चित्रं पॉल नीअरी, आणि मग कळालं की ह्या माणसाच्या डोक्यात भलतंच काहीतरी चाललंय.

टोळीचा म्होरक्या साइडवाइंडर. ह्याला जग जिंकायचं नाही, राजा व्हायचं नाही, कॅपचा, म्हणजे कॅप्टन अमेरिकाचा सूडसुद्धा घ्यायचा नाही. मूळचा अर्थशास्त्राचा माणूस, मग रॉक्सॉन नावाच्या तेल कंपनीत घुसलेला, आणि त्याचं म्हणणं साधं आहे: तुम्ही एकेकटे चोऱ्या करता, हिरोचा मार खाता, जेलात जाता, बाहेर येता, परत तेच, ह्यात फायदा कुणाचा? त्यापेक्षा एकत्र या, काम मी आणतो, कमाईतला वाटा सोसायटीला द्या, आणि पकडलात तर मी येऊन घेऊन जातो. ते घेऊन जाणंच खरं भांडवल, कारण त्याच्या झग्यात टेलिपोर्टची ताकद आहे, पोलीस कोठडीत टपकतो आणि माणसाला घेऊन गायब. वकील नको, जामीन नको, तारीख पे तारीख नको. आमच्याकडं प्रत्येक गल्लीत एक पतसंस्था आहे, चेअरमन आहे, वार्षिक सभा आहे, लाभांश आहे, सभेत मागच्या रांगेतून ओरडणारा एक सभासद आहे, आणि हे अंक वाचताना मला सारखं तेच डोळ्यासमोर येत होतं, फक्त इथं मागच्या रांगेतल्याला शेपूट आहे.

ह्या पुस्तकाची खरी मजा मारामारीत नाहीच, ह्या कारभारात आहे. टेबलाभोवती बसलेत, कुणाला काय काम, कोण कुणाशी बोलत नाही, नवीन माणसाला घ्यायचं की नको. कन्स्ट्रिक्टर नावाचा एक गडी आहे, त्यालाही बोलावणं जातं, तो नको म्हणतो ते म्हणतोच वर अ‍ॅव्हेंजर्सना, म्हणजे कॅपच्या हिरोमंडळींना, टीप देतो. मग अ‍ॅनाकोंडा त्याला असं काही चोपते की थेट हॉस्पिटल. बाई मला लई आवडली. ब्लँच नाव, आधी पोलाद कारखान्यातली कामगार, हात लांब होतात, अंगापिंडानं दणकट, आणि तिला कुणी उगीच नाजूक-साजूक काढलेलं नाही, त्या काळच्या सुपरहिरो कॉमिक्समध्ये हे फार दिसत नाही. ब्लॅक माम्बाचं तंत्र तर अंगावर येतं, ती समोरच्याला त्याच्या आवडत्या माणसाचा भास करून देते आणि तो मिठीत घ्यायला जातो तेव्हा काळोखानं गुदमरतो. डेथ अ‍ॅडरला बोलताच येत नाही, त्यामुळं तो पानावर आला की बाकीच्यांची बडबड एकदम टोचते.

पहिलं मोठं कंत्राट अंक ३१३ मध्ये. ए.आय.एम. नावाची शास्त्रज्ञांची गुप्त संघटना, त्यांनीच बनवलेला तो मोडोक, नुसतं एवढं मोठं डोकं आणि खाली चिमुकले हातपाय, खुर्चीत बसून उडणारा, तो त्यांनाच डोईजड झालाय म्हणून त्याला संपवायची सुपारी. आणि सोसायटी त्याला खरंच मारते. मला वाटलं शेवटच्या पानावर कॅप येऊन वाचवणार, नेहमीसारखं. नाही. काम झालं. कंत्राटी माणसं वेळेत काम उरकतात आणि हिरोला उशीर होतो, हे वाचून मी पुस्तक मिटून जरा बसलो.

त्याहून भारी ३१५. पॉर्क्युपाइन नावाचा एक हरलेला व्हिलन आहे, अंगभर काटे असलेला चिलखती सूट, आयुष्यभर मार खाल्लाय, आता तो सूट विकायला निघालाय आणि कुणी घेतच नाही. शेवटी सोसायटीला पकडून देतो म्हणून कॅपशी सौदा करतो, डायमंडबॅकशी झटापट होते आणि स्वतःच्याच काट्यावर पडून मरतो. जुनी स्कूटर विकायला काढलेल्या माणसाची अवस्था ज्यांनी बघितली आहे त्यांना हा अंक चटका लावणार, मी खात्रीनं सांगतो.

आता नावडलेलं. सुरुवातीचे पाच अंक, ३०२ ते ३०६, माईक कार्लिननं लिहिलेले आहेत, ग्रुएनवाल्ड ३०७ ला येतो आणि साप त्याच्याही पुढं. म्हणजे कव्हरवर साप बघून विकत घ्यायचं आणि पुस्तकाचा बराच भाग दुसऱ्याच गोष्टी वाचत बसायचं. मी तर ते अंक भराभर उलटलो. ३१२ मधला फ्लॅग-स्मॅशर मात्र सोडू नका, देश झेंडे सीमा काहीच नको म्हणणारा माणूस. सीमाभागात राहून तो वाचायला जी गंमत येते ती पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायची नाही. इथं दुकानाच्या पाटीवर कुठली अक्षरं मोठी ह्यावरनं दगड उचलतात, एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवादिवशी, एका गल्लीत लाल-पिवळा झेंडा आणि दुसऱ्या गल्लीत काळी फीत, आणि इथं हा बाबा म्हणतोय सगळेच झेंडे जाळा. दोन्हीकडची माणसं मिळून त्याला चोपतील, एकी व्हायची ती तेवढ्यापुरती होईल.

चित्रं बरी, ग्रेट नाहीत. नीअरीला माणसं उभी करता येतात पण गर्दीच्या मारामारीत कोण कुणाला मारतंय ते दोनदा बघावं लागतं. संवादात प्रत्येकजण स्वतःची ताकद स्वतःच समजावून सांगत लढतो, ही त्या काळची सवय, सहन करा. आणि सापांबद्दल काही शिकाल म्हणाल तर विसरा. अ‍ॅनाकोंडा विषारी नसतो एवढं तरी पाळलंय. आपल्याकडचं फुरसं तिरकं सरकतं, म्हणजे साइडवाइंडरचा खरा भाऊबंद तोच, पण घोणस, मण्यार, फुरसं ह्यातलं एकही नाव टोळीत नाही, आमच्या शेतात सगळी कंत्राटं तीच घेतात. घरात आईनं कव्हर बघून विचारलं, श्रावणात असलं पुस्तक कशाला रे उघडं टाकलायस, पंचमी होऊ दे मग वाच. ठेवलो बाजूला, काय करणार.

आता नागराजची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही. हिंदीतल्या राज कॉमिक्सचा सापांच्या ताकदीचा हिरो नागराज १९८६ चा, म्हणजे ह्या सोसायटीच्या जवळजवळ पाठोपाठचा, आणि त्याची सुरुवात काय होती आठवते का? प्रोफेसर नागमणी त्याला अतिरेक्यांना भाड्यानं द्यायला निघालेला असतो. तोही भाडोत्रीच! मग बाबा गोरखनाथ त्याला सोडवतात आणि तो हिरो होतो. सुरुवातीची चित्रं आपल्या प्रताप मुळीकांची, तेच अमर चित्रकथावाले. एकाच सुमाराला दोन देशांत दोघांना 'साप भाड्यानं देणे आहे' हे सुचलं, कुणी कुणाचं बघितलं असं मी म्हणत नाही, पण आपल्याकडं सापाला शेवटी देवाच्या बाजूला आणूनच सोडतात आणि तिकडं त्याला हिशेबाची वही देतात, हा फरक बघा की.

ज्यांनी २०२५ चा कॅप्टन अमेरिकाचा सिनेमा 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' बघून हे शोधलंय त्यांना सांगतो, त्यात जियानकार्लो एस्पोझिटोनं केलेला साइडवाइंडर हाच, पण तिथं ना झगा ना टेलिपोर्ट, नुसती बंदूकवाली टोळी. बघून वाटलं, मुख्य मालच काढून घेतला राव. २०१४ मध्ये मार्वलनं स्टेजवर 'सर्पंट सोसायटी' असं सिनेमाचं नाव दाखवून नंतर ते बदलून 'सिव्हिल वॉर' केलेलं, त्यामुळं सापांची फसवणूक जुनीच आहे म्हणा.

घ्यायचं का? पहिल्यांदाच कॉमिक वाचणार असाल तर नको, किंमत जास्त आणि सुरुवात रटाळ. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचून मोठे झालेले असाल, व्हिलनच्या बाजूनं गोष्ट ऐकायला आवडत असेल, तर घ्या, सरळ ३१० पासून सुरू करा आणि मग मागं या. पाचातले साडेतीन. डेथ अ‍ॅडरचा निकाल ३१८ मध्ये लागतो, म्हणजे पुढच्या खंडात, आणि ज्या प्रकरणात वॉशिंग्टनच्या पाण्यात विष कालवून खुद्द अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष रेगनला साप करतात ते ३४४ मध्ये, त्याच्याही पुढच्या खंडात, तेव्हा हे एकच घेऊन 'रेगन कुठं आहे' म्हणून कमेंटमध्ये भांडू नका.