डेंटिन, एमडीपी आणि गोव्याचा पावसाळा : युनिव्हर्सल बाँड वापरल्यानंतरचा अनुभव

एका बाटलीतला युनिव्हर्सल बाँड, म्हणजे दाताला रेझिनचं (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचं) फिलिंग चिकटवणारं द्रव, मी उन्हाळ्याच्या तोंडावर घेतला. अख्खा पावसाळा, चतुर्थी, दिवाळी त्यावरच काढली आणि आता शिमगा जवळ आला तरी तोच वापरते आहे. फोंड्यात माझं क्लिनिक आहे. बहुतेक कामं दाढांच्या फिलिंगची आणि हिरडीलगत झिजलेल्या दातांची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे लिहिलेलं बरंचसं एमडीपी (दाताला धरणारा रेणू, त्याबद्दल पुढे) असलेल्या, सौम्य आम्लाच्या कुठल्याही युनिव्हर्सल बाँडला लागू पडतं. निकाल आधीच सांगून टाकते. डेंटिनवर, म्हणजे दाताच्या इनॅमलखालच्या थरावर, हा बाँड फार छान धरतो. मात्र तो पूर्ण २० सेकंद घासायला हवा आणि वाळवायला खरोखर कोरडी हवा मिळायला हवी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही दुसरी अट सांभाळणं हेच खरं काम असतं.

इनॅमलला, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थराला, चिकटवणं हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल खरखरीत करून त्यावर रेझिन धरतं हे दाखवलं, आणि तीच युक्ती आजही चालते. इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, आम्ल लावून धुवून कोरडं केलं की काम झालं. डेंटिनची गोष्ट वेगळी. त्याच्या आकारमानात खनिज जेमतेम निम्मं, बाकी कोलॅजन आणि पाणी. शिवाय त्यात आरपार नळ्या. इनॅमलजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण २० हजार, पल्पजवळ (दाताच्या आतल्या नसेजवळ) ४५ हजारांच्या घरात, आणि तिथे त्या रुंदही होतात. त्या नळ्यांतून पल्पच्या दाबाने द्रव सतत बाहेर येत असतो. म्हणजे आपण वरून कितीही पुसलं तरी जिवंत दाताचं डेंटिन आतून ओलंच राहतं. खोल खड्ड्यात बाँडिंग कमकुवत पडतं ते यामुळेच.

आम्हाला कॉलेजात शिकवलं ते टोटल एच. इनॅमल आणि डेंटिन दोन्हींवर आम्ल, मग धुणं, मग 'किंचित ओलं' ठेवणं. डेंटिनलाही आम्ल लावायचा आग्रह फुसायामा यांनी १९७९ मध्ये धरला, आणि नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं की रेझिन कोलॅजनच्या जाळ्यात शिरून घट्ट होतं, त्याचा एक मिश्र थर तयार होतो. हायब्रिड लेयर म्हणतो तो हाच. डेंटिनवरचं आजचं सगळं बाँडिंग त्या थरावर उभं आहे. अडचण अशी की फॉस्फोरिक आम्ल १५ सेकंदांत कित्येक मायक्रॉन खोल खनिज काढून टाकतं. मागे उरलेलं कोलॅजन फक्त पाण्याच्या आधारावर फुललेलं राहतं. जास्त वाळवलं तर ते पाण्याबाहेर काढलेल्या शेवाळासारखं चपटं बसतं आणि रेझिन आत जातच नाही. कमी वाळवलं तर पाणीच जागा अडवून बसतं. दोन्हींत आम्लाने उघडं पाडलेलं कोलॅजन तळाशी तसंच उरतं. पुढे डेंटिनमधलीच एमएमपी ही एन्झाइम्स ते हळूहळू खातात, आणि काही वर्षांनी फिलिंगची कड उघडी पडते. पेशंटच्या भाषेत, 'सिमेंट भरलं तेव्हापासून दाताला पाणी लागतं.'

युनिव्हर्सल बाँडकडे वळण्याचं कारण एमडीपी. जपानच्या कुराराय कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेला हा रेणू. एका टोकाला फॉस्फेट, दुसऱ्या टोकाला रेझिनशी जुळणारा मेथाक्रिलेट, मध्ये दहा कार्बनची लांब साखळी. फॉस्फेटचं टोक डेंटिनमधल्या कॅल्शियमला धरतं, आणि तयार होणारा कॅल्शियम-क्षार पाण्यात फारसा विरघळत नाही. म्हणून ही पकड टिकते. मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही की सौम्य आम्ल खनिज पूर्ण काढत नाही. मायक्रॉनभर किंवा त्याहून कमी खोलीपर्यंत ते थोडं सैल करतं आणि कोलॅजनभोवती खनिज शिल्लक ठेवतं. त्या शिल्लक खनिजालाच एमडीपी चिकटतो. डेंटिनवर आधी फॉस्फोरिक आम्ल लावलं, तर एमडीपीने धरायचं ते कॅल्शियमच धुऊन जातं. बाटलीवर 'टोटल एच, सेल्फ एच (वेगळं आम्ल न लावता), सिलेक्टिव्ह एच (आम्ल फक्त इनॅमलवर), सगळं चालतं' असं छापलेलं असतं. चालतं हे खरं, तरी डेंटिनवर मी आम्ल लावत नाही. इनॅमलच्या कडेवर तेवढं ३७ टक्क्यांचं जेल १५ सेकंद लावते, कारण सौम्य बाँड एकट्याने इनॅमलवर पुरेसा खरखरीतपणा आणत नाही. जेल घट्ट घ्यावं. पातळ जेल ओघळून डेंटिनवर जातं.

आता प्रत्यक्ष वापर. थेंब काढला की लगेच लावायचा. डॅपन डिशमध्ये (छोट्या वाटीत) तसाच ठेवला तर त्यातला इथेनॉल उडून जातो आणि तो दाट होतो, म्हणून असिस्टंटला मी सांगून ठेवलंय की खड्डा तयार झाल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही. मायक्रोब्रशने घासताना हात थांबवायचा नाही. दात कोरल्यानंतर डेंटिनवर भुशाचा, म्हणजे स्मियर लेयरचा थर बसलेला असतो, आणि सौम्य आम्ल तो थर नुसत्या स्पर्शाने भेदत नाही. घासत राहिलं की वापरलेलं आम्ल बाजूला सरून ताजं खाली जातं. घड्याळ बघून २० सेकंद घासा. मनातल्या मनात मोजले की ते दहा-बाराच भरतात.

मग हवा. आधी लांबून हलकी, मग जवळून जोरात. बाँडचा थर आधी वाऱ्याबरोबर लहरतो, पुढेमागे सरकतो. लहरी थांबल्या आणि पृष्ठभाग एकसारखा चकचकीत राहिला की पाणी आणि इथेनॉल गेलं असं समजायचं. मला याला बाटलीवरच्या ५ सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, आणि तो मी देते. आत राहिलेलं पाणी रेझिन नीट घट्ट होऊ देत नाही, सूक्ष्म पोकळ्या सोडतं, आणि पुढे त्याच वाटेने थर विरघळू लागतो.

पावसाळ्यातली गोम इथेच आहे. आमचा कम्प्रेसर मागच्या पडवीत. तो बाहेरची दमट हवा ओढून दाबतो, आणि दाबलेल्या हवेतलं पाणी टाकीत साठतं. आषाढात टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडला की बादलीत तांबूस, गंजाच्या वासाचं पाणी फुर्रकन पडतं. तेच पाणी बारीक तुषार होऊन थ्री-वे सिरिंजमधून (हवा-पाणी मारायच्या नळीतून) डेंटिनवर येणार, सोबत कम्प्रेसरचं तेलही. जगातला कितीही महाग बाँड आणा, त्याच्यावर वाळवण्याच्या नावाखाली पाणी मारलं तर तो धरणार कसा? म्हणून रोज सकाळी टाकी रिकामी करणं, लाइनवर सिलिका जेलचा ड्रायर, आणि त्यातले निळे दाणे गुलाबी झाले की लगेच बदलणं, हे आमच्याकडे सक्तीचं आहे. शिवाय बाँडिंगआधी सिरिंजची हवा कोरड्या माउथ मिररवर दोन-तीन सेकंद मारून बघायची. आरशावर एक जरी ठिपका दिसला तरी त्या हवेने बाँड वाळवायचा नाही. गोव्यातल्या, कोकणातल्या प्रत्येक डेंटिस्टने ही आरशाची परीक्षा करावी असं मी कळकळीने सांगते. फुकटची आहे, आणि कुठल्याही नव्या मटेरियलपेक्षा जास्त उपयोगी.

तोंडातली हवा तशीही दमटच. दाढांवर रबर डॅमला (दात लाळेपासून वेगळा ठेवणाऱ्या रबराच्या पडद्याला) माझ्या लेखी पर्याय नाही. पेशंट सुरुवातीला कुरकुरतात, पण एकदा नीट समजावलं की शांत पडून राहतात. एसी ड्राय मोडवर ठेवल्यानेही खोलीत फरक पडतो.

बाँडिंगची खरी परीक्षा हिरडीलगतच्या खाचांत होते. तिथे फिलिंग अडकून राहायला भिंती नसतात, जे काही टिकतं ते बाँडवरच. म्हणूनच संशोधनातही नवा बाँड पारखायला याच खाचा घेतात. म्हार्दोळकडचे एक काका माझ्याकडे आले होते. भजनाला बसणारे, आवाज खणखणीत. सुळे आणि शेजारच्या दाढांवर ताठ ब्रशने आडव्या घासण्याने पडलेल्या खोल खाचा, आणि रोजच्या जेवणात सोलकढी, म्हणजे वर आम्लही. म्हणाले, "डॉक्टर, फ्रीजचं सोडा, माठातलं पाणी लागलं तरी कळ मस्तकात जाते." मी म्हटलं, "काका, भरून देते, पण तो ब्रश आजपासून बंद. मऊ घ्या, आणि सोलकढी प्यायल्यावर लगेच दात घासू नका."

त्यांच्या एका खाचेत डेंटिन पिवळट तपकिरी, काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. याला स्क्लेरोटिक डेंटिन म्हणतात. नळ्या खनिजाने बुजलेल्या, वरचा थर जास्तीचा कठीण, सौम्य आम्ल त्यावरून नुसतं घसरतं. तिथे आधी बरने (ड्रिलच्या टोकाने) वरची चकाकी घालवली, हिरडीकडून ओल येऊ नये म्हणून कॉर्ड (बारीक दोरा) घातली, आणि बाँड नेहमीपेक्षा जास्त वेळ घासला. दोनदा लावला. पावसाळा संपल्यावर रिकॉलला आले तेव्हा सगळी फिलिंग जागेवर, कडेला डाग नाही, प्रोब कुठे अडकत नव्हता. गार पाण्याचा घोट तोंडात खेळवून दाखवला त्यांनी मला.

सेन्सिटिव्हिटीबद्दल मी अगदी समाधानी आहे. दाढा भरल्यावर दुसऱ्या दिवशी 'चावताना सणक जाते' म्हणून येणारे फोन खूपच कमी झाले. कारण समजण्यासारखं आहे. आम्लाने नळ्यांची तोंडं उघडलीच नाहीत, भुशाची बुचं तिथेच रेझिनमध्ये मुरली, तर आतला द्रव हलणार कुठून? कंपोझिट, म्हणजे फिलिंगचं रेझिन, मात्र थोडंथोडं भरावं लागतं. एकदम भरलं तर आकसताना ते बाँडलाच ओढतं, आणि मग दोष विनाकारण बाटलीवर येतो.

उणिवाही आहेत. थर फार पातळ बसतो. खोल डेंटिनवर मला अजूनही दोन बाटल्यांची सेल्फ एच पद्धत जास्त भरवशाची वाटते, कारण तिच्यात वरून पाणी न शोषणाऱ्या रेझिनचा वेगळा थर येतो. त्या पद्धतीच्या फिलिंगच्या १३ वर्षांपर्यंतच्या नोंदी प्रसिद्ध आहेत, आणि त्या उत्तम आहेत. युनिव्हर्सलवरही तसा एक जास्तीचा थर देता येतो आणि खोल खड्ड्यात मी तो देते, पण मग 'एकाच बाटलीत काम' हा फायदा उरत नाही. ड्युअल क्युअर (प्रकाशाने आणि आपोआपही घट्ट होणाऱ्या) कोअर मटेरियलखाली हा बाँड एकटा वापरू नये. त्याचं आम्ल त्या मटेरियलला घट्ट व्हायला लागणाऱ्या अमाइनला निकामी करतं आणि सांध्यावरचा थर कच्चा राहतो. त्यासाठीचा ॲक्टिव्हेटर वेगळा घ्यावा लागतो, आणि तो बॉक्समध्ये नसतो. रूट कॅनालनंतर हायपोक्लोराइटने धुतलेल्या डेंटिनवर पकड कमी होते. तिथे मी वरचा थोडा थर बरने काढून ताजं डेंटिन उघडते. युजेनॉलचं (लवंगतेलातल्या द्रव्याचं) तात्पुरतं सिमेंट असेल तर तोच नियम.

या बाँडमध्ये हेमा हा रेझिनचा छोटा रेणू आहे, आणि हेमा साध्या हातमोज्यांतून काही मिनिटांत आत जातं. बोटांना ॲलर्जी झाली तर ती जन्माची पाठीशी लागते. थेंब मोज्यावर पडला की मोजे तिथल्या तिथे बदलायचे, 'काम झाल्यावर बघू' चालणार नाही. आपल्यापेक्षा असिस्टंटचे हात जास्त वेळा या बाटलीला लागतात, तिला हे आवर्जून सांगा.

साठवणुकीचं लेबल नीट वाचा. पाणी आणि आम्ल एकाच बाटलीत असल्यामुळे उष्णतेत आतला मोनोमर (रेझिनचा मूळ रेणू) तुटत जातो, आणि मे महिन्यात वीज गेल्यावर बंद क्लिनिक किती तापतं ते आपल्याला माहीत आहे. मी फ्रीजमध्ये ठेवते आणि वापरण्याआधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ देते. गार बाँड दाट असतो, पसरत नाही आणि त्यातला इथेनॉल उडायला वेळ लागतो. काम बेताचं असेल तर मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. डीलरकडून घेताना एक्स्पायरीची तारीख बघाच, आणि बाटली त्याच्याकडेही गारव्यात होती का ते विचारा.