भाड्याची कॅम्परव्हॅन: किनाऱ्यावर हाल, चौकुळात सुख

सुरूच्या बनात गाडी लावायची, मागचं दार उघडायचं आणि गाज ऐकत झोपायचं. कोकणासाठी कॅम्परव्हॅन भाड्याने देणारे हेच चित्र दाखवतात. पण वेंगुर्ल्यापासून शिरोड्यापर्यंत कुठेही लावा, रात्री दमट हवेत पत्र्याचा डबा निवत नाही आणि डासांमुळे दार उघडं ठेवता येत नाही. मग एसी लागतो, आणि तिथेच हिशेब फसतो.

या गाड्यांत बहुधा १२ व्होल्टची २०० ॲम्पिअर-अवरची घरबॅटरी (आतल्या एसी-फ्रिज-दिव्यांसाठीची, इंजिनच्या बॅटरीहून वेगळी) असते, म्हणजे कागदावर २.४ युनिट वीज. छतावरचा एसी इन्व्हर्टरची घट धरून हजार-बाराशे वॅट खातो. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे एसी जेमतेम तासभर. लिथियम असली तर पावणेदोन तास. उरलेली रात्र तुमची. किनाऱ्यावर राहायचंच असेल तर १५ ॲम्पिअरचा पॉवर प्लग देणारं घरगुती निवासाचं अंगण गाठा. मग खोलीच का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे.

हीच गाडी साधारण ६० किलोमीटर आत, ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीला आणि तिथून दहाएक किलोमीटरवरच्या चौकुळला नेली की वसूल होते. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्री रजई लागते, एसीला हातही लावावा लागत नाही. छोटा फ्रिज दिवसाला ४०० ते ५०० वॅट-तास, पंखा, दिवे आणि मोबाइल मिळून आणखी ३००. लिथियम बॅटरी अडीच दिवस पुरते, लेड-ॲसिड दीड. सोलरवर विसंबू नका. सकाळी धुकं, नंतर झाडांची सावली. ३०० वॅटचं पॅनेल नावापुरतं राहतं. त्यापेक्षा सावंतवाडीला जाऊन-येऊन दोन तास गाडी चालली तर ३० ॲम्पिअरच्या चार्जरने ६० ॲम्पिअर-अवर परत येतात. गाडी ताब्यात घेताना इंजिनवरून घरबॅटरी चार्ज होते का, हे इंजिन चालू करवून मीटरवर पाहाच. ‘होते’ एवढ्या उत्तरावर थांबू नका.

डिझेल सावंतवाडीतच भरा. दाणोली सोडल्यावर घाट लागतो. पाण्याची टाकी ८० लिटरची असेल तर भरलेल्या टाकीचं ८० किलो वजन उगाच वर न्यायचं. निम्मी रिकामी ठेवा आणि वर विचारून भरा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, कपाटांच्या कड्या लावलेल्या, भांड्यांमध्ये टॉवेल. उतरताना दुसरा गिअर सोडू नका. या गाड्या सामानाने जड असतात. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर निम्म्या घाटातच लायनिंगचा वास येतो आणि पेडल मऊ पडतं. अंधार पडल्यावर घाट आणि चौकुळचा रस्ता दोन्ही टाळा. गवे रस्त्यावर उभे असतात आणि हेडलाइटला हलत नाहीत.

आता खरी अडचण, उंची. वरचा एसी धरून गाडी पावणेतीन ते तीन मीटर भरते. मुख्य रस्त्याला काही नाही. पण वाडीत शिरणाऱ्या पाणंदीत दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे (दगडी कुंपणं), वर फणसाची फांदी आणि खांबावरून घरात गेलेली विजेची झोळ पडलेली वायर. सोलर पॅनेलची कड आधी तिथे अडकते. गाडी रस्त्याकडेला ठेवून एकाने पायी जाऊन वळायला जागा आहे का ते पाहायचं, मगच आत घालायची. वाड्या एकमेकींपासून लांब आहेत, रिव्हर्समध्ये परतायची वेळ आली तर अर्धा तास जातो. जागा कठीण सड्याची, म्हणजे कातळाच्या सपाट माळाची निवडा. नोव्हेंबरात भातशेत वरून सुकलेलं दिसतं, आत ओलं असतं. मागची चाकं रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

आणि मोकळा सडा म्हणजे बेवारस जागा नव्हे. आंबोली, चौकुळ आणि गेळे या तिन्ही गावांत कबुलायतदार गावकर, म्हणजे गावाच्या सामाईक ताब्यातल्या जमिनीचा जुना प्रश्न आहे, त्यामुळे कोणती जागा कोणाच्या वहिवाटीत आहे हे बाहेरच्याला कळत नाही. ग्रामपंचायतीत किंवा जवळच्या घरी विचारा. बहुतेकदा खळ्याशेजारीच जागा मिळते, वर चहाही. वीज घेतलीत तर युनिट मोजून पैसे द्या, २.५ चौरस मिलिमीटरची वायर आपली न्या, घरातल्या ५ ॲम्पिअरच्या सॉकेटवर इंडक्शन शेगडी लावू नका.

सांडपाण्याबद्दल भाड्याने देणारे एक शब्द बोलत नाहीत, हा या सेवेचा सगळ्यात मोठा दोष. सिंकचं पाणी सरळ खाली सोडणारी नळी दिसली तर बादली लावा. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या पाण्यात सापडलेली माशाची नवी जात २०२० साली नोंदली गेली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. या भागातल्या व्हाळात (ओढ्यात) साबणाचं भांडं विसळणं शोभत नाही. संडासाची २० लिटरची पेटी चौघांना दीड-दोन दिवस पुरते. ती शेतात नाही, सेप्टिक टँक असलेल्या लॉजवर विचारून रिकामी करायची. फॉर्मालिनवालं रसायन टाकू नका, टाकीतले जिवाणू मरतात आणि पुढच्या वेळी कोणी दारात उभं करत नाही.

जून ते सप्टेंबर ही गाडी घेऊच नका. दरड आणि धुकं आहेच, शिवाय गादीखाली बुरशी धरते. इतर महिन्यांतही घेताना गादी उचलून प्लायवूड पाहा, सरकत्या दाराचे रोलर खाऱ्या हवेने गंजलेत का ते पाहा, स्टेपनीची हवा तपासा. छताचा व्हिडिओ मात्र शिडी मागवून काढा. परत देताना लाल धूळ पुसून जाते, फांदीचा ओरखडा जात नाही, आणि अनामत रक्कम बहुधा त्याच्यावरच कापली जाते.