ऑनलाइन शिकवायला शिकायचं कुठे? गोव्यातल्या प्राध्यापकांसमोरच्या तीन वाटा

ऑनलाइन अभ्यासक्रम शिकवायची तयारी करायची म्हटली की गोव्यातल्या प्राध्यापकापुढे साधारण तीन वाटा असतात. गोवा विद्यापीठातल्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्राचा वर्ग करावा, केंद्र सरकारच्या 'स्वयम्'सारख्या ऑनलाइन मंचावरचा कोर्स सवडीने करावा, की आपल्याच महाविद्यालयात सहकाऱ्यांबरोबर कार्यशाळा भरवावी? मी तिन्ही वाटा एकाच कसोटीवर घासून बघतो. तिथे मला प्रत्यक्ष शिकवायला लावतात का, आणि ते बघून कोणी नेमकं काही सांगतं का?

ताळगाव पठारावरचं विद्यापीठातलं हे केंद्र जुन्या प्राध्यापकांना अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेज म्हणूनच आठवतं. पुढे ते एचआरडीसी (मानव संसाधन विकास केंद्र) झालं आणि 2023मध्ये मालवीय मिशन या केंद्र सरकारच्या शिक्षक प्रशिक्षण योजनेखाली आलं. दोन आठवड्यांचा उजळणी वर्ग (रिफ्रेशर कोर्स) केला की पदोन्नतीच्या फायलीत त्या प्रमाणपत्रावर कोणी शंका काढत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेची, तारीख जवळ आलेल्याने फार विचार न करता हीच वाट धरावी. पण अशा वर्गांत बहुतेक वेळ व्याख्यानं ऐकण्यात जातो. ऑनलाइन अध्यापनावरचं व्याख्यानसुद्धा दीड तास एकतर्फी चाललेलं असतं, आणि समोरचे कॅमेरे बंद. वर्ग ऑनलाइन असला की महाविद्यालय रजा द्यायला कुरकुर करतं. मग सकाळी तास घ्यायचे, दुपारी स्वतः विद्यार्थी व्हायचं, अशी ओढाताण होते. नाव नोंदवण्याआधी रजा लेखी मंजूर करून घ्या.

दुसरी वाट 'स्वयम्'ची. 2017 साली सुरू झालेल्या या मंचावर प्रत्येक कोर्स चार अंगांनी बांधलेला असतो: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चेची जागा आणि स्वतःला तपासण्याचे प्रश्न. 2018मध्ये प्राध्यापकांसाठी याच मंचावर 'अर्पित' हे प्रशिक्षण आलं. 40 तासांचा कोर्स, त्यातले 20 तास व्हिडिओचे आणि 20 बाकीच्या कामाचे, शेवटी परीक्षा. आणि उत्तीर्ण झाल्यास तो उजळणी वर्गाच्या बरोबरीचा धरला जाई.

मला मात्र सर्वांत जास्त शिकण्यासारखी वाटते ती आयआयटी मुंबईने प्राध्यापकांच्या ऑनलाइन कोर्ससाठी बसवलेली पद्धत. तिच्यात व्हिडिओ मध्येच थांबतो. पडद्यावर एक प्रश्न येतो आणि शिक्षक सांगतात, आता व्हिडिओ थांबवा, वहीत उत्तर लिहा, मगच पुढे चला. आपण ते लिहितो, पुढे जातो, आणि शिक्षक नेमकी आपल्या मनात आलेली चूक उचलून दुरुस्त करतात. हे दोन-तीनदा अनुभवलं की स्वतःचा सलग चाळीस मिनिटांचा रेकॉर्ड केलेला तास आपल्यालाच बघवत नाही. चर्चेच्या जागेवर विचारलेल्या प्रश्नाला तीन दिवस उत्तर आलं नाही तर विद्यार्थ्याला कसं वाटतं, तेही तिथेच कळतं. उणीव एवढीच की तुमचं शिकवणं तिथे कोणी बघत नाही. उदाहरणंही बरीचशी इंग्रजीतली आणि विज्ञान-अभियांत्रिकीची. मराठी किंवा इतिहास शिकवणाऱ्याला ती स्वतःच आपल्या विषयात उतरवून घ्यावी लागतात.

तिसरी वाट महाविद्यालयातल्या कार्यशाळेची. गोव्यात तिच्यासाठी जमीन तयार आहे. 2020मध्ये उच्च शिक्षण संचालनालयाचा 'दिष्टावो' उपक्रम सुरू झाला आणि राज्यातल्या अनेक प्राध्यापकांनी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातल्या घटकांवर व्हिडिओ तयार केले. मोठं काम आहे ते, आणि त्यातून कॅमेऱ्याची भीती गेली. तरी चांगला व्हिडिओ करता येणं आणि ऑनलाइन वर्ग चालवता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि दुसरं सहकाऱ्यांसमोर करून बघितल्याशिवाय येत नाही.

समजा, मराठीच्या प्राध्यापिका ज्ञानेश्वरीतली एक ओवी शिकवताहेत. 'समजलं ना?' असं विचारलं की चॅटमध्ये 'येस मॅडम'ची रांग लागते आणि कोणाला काय समजलं ते काहीच कळत नाही. तेच 'या ओवीतली उपमा कोणती, दोन शब्दांत लिहा' असं विचारलं तर वीस वेगवेगळी उत्तरं येतात, आणि पुढची दहा मिनिटं त्या उत्तरांवरच शिकवता येतं. हा फरक सहकाऱ्याने तास बघून त्याच दिवशी दाखवला तर तो पक्का बसतो.

शिवाय आपली मुलं आपल्यालाच माहीत. सत्तरी, सांगे भागातली मुलं टाळेबंदीत नेटवर्कसाठी डोंगर चढत होती. त्यांच्यासाठी जड व्हिडिओबरोबर हलकी ऑडिओ फाइल आणि दोन पानांचं टिपण द्यायचं, हे बाहेरून आलेला तज्ज्ञ क्वचितच सांगेल. धोका एकच, आपली माणसं आपल्याला दुखवत नाहीत. 'छान झालं सर' एवढ्यावर कार्यशाळा संपते. म्हणून बघणाऱ्याने दोनच गोष्टी लिहून द्याव्यात: विद्यार्थी पहिल्यांदा कधी काही करायला लागले, आणि कुठे गप्प झाले.

नव्याने रुजू झालेल्याने मालवीय केंद्राचा वर्ग आधी करावा, तो पुढे लागतोच. ज्यांच्यावर पुढच्या सत्रात खरोखर ऑनलाइन पेपर शिकवायचं काम येणार आहे त्यांनी सुट्टीत सवडीचा कोर्स उरकावा आणि सत्र सुरू होण्याआधी तीन-चार सहकाऱ्यांसमोर दहा-दहा मिनिटांचे तास घ्यावेत. प्राचार्य निर्णय घेणार असतील तर बाहेरच्या वक्त्याच्या एका दिवसाच्या भाषणावर खर्च करण्यापेक्षा या सराव तासांसाठी वेळापत्रकात जागा काढावी. मात्र ही जागा चतुर्थीच्या तोंडावर नको. त्या दिवसांत घरं भरलेली असतात आणि मन लावून कोणीच येत नाही.