टाचेचं 'वाढलेलं हाड' विरघळवून देणारे

सकाळी उठून पहिलं पाऊल टेकताच टाचेत जीवघेणी कळ येते आणि घरात चार फेऱ्या मारल्या की ती ओसरते, असं ज्यांना होतं त्यांनी हे जरूर वाचा. मला ज्यांनी लुबाडलं त्यांचं सगळं तंत्र या ओसरण्यावरच उभं होतं.

जाहिरात मोफत तपासणीची होती. गेल्यावर आधी बराच वेळ नुसतं खुर्चीत बसवून ठेवलं. मग अनवाणी चालायला लावलं. पहिल्याच पावलाला ब्रह्मांड आठवलं. नंतर एका काचेच्या यंत्रावर उभं करून पडद्यावर लाल-पिवळे ठिपके दाखवले. "हाड वाढलंय, मांसात रुततंय. विरघळवलं नाही तर ऑपरेशन." तळव्याला तेल चोळलं, बुटात 'खास' इनसोल घातले आणि पुन्हा चालायला सांगितलं. दुखणं निम्म्यावर! सवलत फक्त त्या दिवसापुरती, म्हणून सगळ्या सिटिंगचे पैसे आगाऊ घेतले.

पुढे सकाळची कळ जशीच्या तशी राहिली. विचारलं तर म्हणाले, "हाड विरघळताना दुखणारच, आणखी सिटिंग लागतील." तेव्हा मी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो.

टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा जातो, प्लांटर फॅशिया. त्याच्या टाचेकडच्या टोकाशी झीज होते, तेच हे दुखणं. झोपेत किंवा बराच वेळ बसल्यावर तो आखडतो, पहिल्या पावलांना एकदम ताणला जातो, चालल्यावर सैलावतो. म्हणजे तिथे इनसोलऐवजी पुठ्ठा घातला असता तरी मला बरं वाटलंच असतं. आणि आधी बसवून ठेवणं? तो खेळाचाच भाग असावा. ते यंत्र तर तळव्यावरचा दाब दाखवतं, त्यात हाड दिसतच नाही. हाड एक्स-रेत दिसतं, पण टाच कधीच न दुखलेल्या कित्येकांच्या एक्स-रेतही असं वाढलेलं हाड असतं. तेलाने ते विरघळत नाही आणि बरं व्हायला ते जाण्याची गरजही नसते.

डॉक्टरांनी टाचेच्या आतल्या कडेला अंगठ्याने दाबून निदान केलं. उपाय जवळजवळ फुकटचे: अंथरुणातून उतरण्याआधी पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढायची, 10 सेकंद धरायची, असं 10 वेळा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. घरातही मऊ तळाची चप्पल. उभं राहणं आणि पळणं काही काळ कमी. इनसोलचा काहींना आधार होतो, पण साधे तयार मिळणारे घ्या. मापाचे महागडे त्यांच्याहून सरस ठरलेले नाहीत. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात जातं, मात्र त्याला महिने लागतात. पॅकेजवाल्यांचं याच संथपणावर फावतं: बरं वाटलं तर श्रेय त्यांचं, नाही वाटलं तर सिटिंग वाढवा.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, तर त्या 'तपासणी'त मला एकही कामाचा प्रश्न विचारला नव्हता. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, रात्री पडल्या पडल्याही दुखतं का, टाच सुजलीय का, सकाळी कंबरही बराच वेळ आखडते का, कुठे पडलात का, मधुमेह आहे का. यातलं काही असेल तर घरगुती व्यायामावर न थांबता डॉक्टरांना दाखवायला हवं.

पैसे परत मागितले तेव्हा त्यांनी पावती वाचायला सांगितली. तिच्यावर उपचाराचा उल्लेखच नव्हता; 'पादत्राण साहित्य, परतावा नाही' एवढंच छापलेलं होतं.