क्ले शूटिंगसाठी इलेक्ट्रॉनिक इअरमफ: दिवाळी ते श्रावण वापरल्यानंतर

क्ले शूटिंगसाठी, म्हणजे हवेत फेकलेल्या चकत्या शॉटगनने फोडायच्या खेळासाठी, दिवाळीच्या सुमारास घेतलेला इअरमफ (कान झाकणारं हेडफोनसारखं साधन) अजून चालू आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतले बहुतेक मफ आतून सारखेच असतात आणि माझी जी तक्रार आहे ती त्या सगळ्यांनाच लागू पडेल.

मी दादरची. नेमबाजीची सुरुवात शिवाजी पार्कला सावरकर स्मारकातल्या एअर रायफल रेंजवर झाली. तिथे कानाचा विचार फारसा करावा लागत नाही. शॉटगनकडे वळल्यावर मात्र पहिला खर्च कानांवर करावा लागला. बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचं माप) बंदुकीचा बार कानाशी १५० ते १६० डेसिबलपर्यंत जातो आणि १४० च्या वरचा एकच धक्काही कायमची इजा करू शकतो. ट्रॅप या क्लेच्या प्रकारात पाच स्टेशनांवर (उभं राहायच्या जागांवर) सहा जणांचं स्क्वाड, म्हणजे गट, फिरतो, प्रत्येकाला २५ चकत्या आणि एका चकतीवर दोन बार मारायची मुभा. म्हणजे एका राउंडमध्ये तीनशेपर्यंत बार, आणि शेजारचा नेमबाज जेमतेम तीन मीटरवर.

क्लेसाठी मुंबईबाहेर जावं लागतं, ते छऱ्यांमुळे. साडेसात नंबरचा छर्रा दोनशे मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे समोर पावणेतीनशे-तीनशे मीटर मोकळी, माणूस फिरकणार नाही अशी जमीन लागते. शहरात एवढी रिकामी जागा म्हणजे महालक्ष्मीचं रेसकोर्स, आणि तिथले घोडे आधीच पुरेसे बिचकतात. तेव्हा पहाटे गाडी काढायची आणि ऊन चढायच्या आत दोन राउंड उरकायचे.

आधी मी फोमचे प्लग वापरायचे. कान वाचत होते, पण मैदान ऐकू येत नव्हतं. ओपन ग्राउंडवरची सुरक्षितता बरीचशी तोंडी असते. ‘थांबा’ म्हटलं की बोट ट्रिगरवरून बाजूला, बंदूक उघडायची, काडतुसं बाहेर. चकत्या फेकणाऱ्या यंत्रात चकत्या भरायला माणूस खाली खड्ड्यात उतरणार असेल तेव्हा ही हाक शेवटच्या स्टेशनवरच्यालाही ऐकू गेलीच पाहिजे. चकती फेकणारा तो दांडा स्प्रिंगवर ताणलेला असतो, सुटला तर हाड मोडतो. लाल झेंडा असतो, पण नेम धरलेल्या माणसाची नजर झेंड्याकडे नसते.

इलेक्ट्रॉनिक मफ इथे कामाला येतो. दोन्ही कपांवर मायक्रोफोन असतात, ते बोलणं आत पोचवतात आणि आवाज साधारण ८२ डेसिबलच्या वर गेला की सर्किट तो दाबतं. आता आमच्या प्रशिक्षक सरांचं हळू आवाजातलं ‘ताई, खांदा’ सुद्धा कळतं. लोकांचा एक गैरसमज असतो की बंदुकीच्या बारापासून सर्किट वाचवतं. खरं तर कपाची जाडी आणि कानाभोवतीची गादी वाचवते. सेल संपला तरी संरक्षण तेवढंच राहतं, फक्त सरांचा आवाज जातो.

मला सगळ्यात पटलेला फायदा वेगळाच आहे. मार्चमध्ये शेजारच्या स्टेशनवरच्या काकांचा बार ‘फुस्’ करून गेला. चकती अख्खी निघून गेली आणि काका दुसरा बार मारायला सज्ज. फोम घातलेल्यांना हा फरक फारसा जाणवला नाही. मफ घातलेल्या आम्हा दोघींना तो पोकळ आवाज स्पष्ट ऐकू आला आणि आम्ही एकदमच ओरडलो. बंदूक उघडून नळीतून पाहिलं तर प्लॅस्टिकचा वॅड (काडतुसात दारू आणि छऱ्यांच्या मधे असलेला तुकडा) मधेच अडकलेला. त्याच नळीत पुढचं काडतूस उडालं असतं तर नळी फाटली असती आणि काकांचा डावा हात नेमका तिथेच होता. वीस बोअरची, म्हणजे बारा बोअरपेक्षा बारीक, काडतुसं पिवळी असतात तीही याच भीतीपोटी. चुकून बारा बोअरमध्ये एखादं गेलं तर पुढे सरकून नळीत अडकतं, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं दिसतं, आणि मागून दुसरं भरलं जातं.

आता तक्रारी. बंदुकीचा दस्ता (मागचा लाकडी भाग) गालाला लावला की उजव्या कपाची खालची कड लाकडाला टेकते आणि मफ कानावरून उचलला जातो. रायफलवाल्यांना याचा त्रास कमी, शॉटगनमध्ये दर चकतीला बंदूक उचलायची असते. कप वरच्या अंगाला चढवून बसवला तर थोडं निभतं. गंमत म्हणजे उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा कान जास्त मार खातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. म्हणजे मफ उचलला जातो एकीकडे आणि धोका जास्त दुसरीकडे. चष्म्याची जाड काडी दोन्हीकडे फट ठेवते, ती वेगळीच. चष्मा तर काढता येत नाही, स्कीट या क्लेच्या दुसऱ्या प्रकारात फुटलेल्या चकतीचे तुकडे अंगावर येतात. पातळ काडीचा पॉलिकार्बोनेटचा चष्मा घेतल्यावर फरक पडला. कुड्या घरी ठेवते.

माझ्या खोक्यावर एनआरआर (मफ किती आवाज कमी करतो त्याचं मानांकन) २३ लिहिलंय. तो आकडा प्रयोगशाळेतला, चष्मा-कुड्या-केसांशिवायचा. म्हणून आता आत फोमचे प्लग, वर मफ, आणि व्हॉल्यूम वाढवलेला. दोन्हीची बेरीज होत नाही, दोन्हींपैकी जे जास्त चांगलं त्यावर आणखी पाचेक डेसिबल मिळतात, पण तेवढेही हवेत. बोलणं तरीही ऐकू येतं.

वाऱ्याचा त्रास आहेच. मे महिन्यातल्या दुपारच्या वाऱ्यात माइकमधून असा घोंघाट येतो की बंद करावासा वाटतो. माइकवर स्पंजचा तुकडा चिकटवला, अर्धा कमी झाला.

आणि आपली हवा. जूनमध्ये गाडीच्या डिकीत राहिलेल्या मफच्या गाद्यांवर बुरशी धरली, सेलच्या टोकांना पांढरी पूड. घामाने गादीचं रेक्झिन तडकलं. ते तडकलं की फट पडते, म्हणजे हा प्रश्न दिसण्यापुरता नाही. विक्रेत्याकडे नव्या गाद्या मागितल्या तर ‘पूर्ण मफच घ्या मॅडम’ हे उत्तर. शेवटी दुसऱ्याच मॉडेलच्या जेलच्या गाद्या जुळल्या. घाम जेलमध्ये कमी होत नाही, पण चष्म्याच्या काडीभोवती त्या जास्त घट्ट बसतात. आता मफ कोरड्या फडक्याने पुसून, सेल काढून, सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात जातो. हाताला शिशाची पूड लागलेली असते, त्यामुळे आधी साबणाने हात, मग गाद्या, मग वडापाव.

घेणार असाल तर ब्लूटूथवालं मॉडेल टाळा. रिसीव्हर असलेला मफ आयएसएसएफच्या (नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) स्पर्धेत खेळाडूला चालत नाही, आणि लाइनवर उभं राहून फोन घेणारा माणूस तसाही आमच्या सरांच्या नजरेतून उतरतो. कप खाली निमुळता आहे ना, एवढं बघाच. दुकानात बंदूक नेता येत नाही, मी मिटलेली छत्री खांद्याला लावून बघितली होती. दुकानदार हसला, पण जाड कपाचे दोन मफ तिथेच बाद झाले. गाद्या सुट्या मिळतात का, हे बिल करण्याआधी विचारा.